खड्डे जुलैत दिसतात, पण त्यांची सुरुवात उन्हाळ्यातच झालेली असते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात पहिल्या पानावर फोटोसकट बातमी होती, पावसाने जिल्ह्यातल्या रस्त्यांची चाळण झाली म्हणून, आणि खाली खात्याचं म्हणणं छापलं होतं की यंदा पाऊसच इतका झाला की रस्ते टिकणार कसे. दरवर्षी हेच वाक्य येतं आणि दरवर्षी लोक ते खरं मानून गप्प बसतात, म्हणून हे पत्र लिहितोय. मी कोल्हापूर जिल्ह्यात ठेकेदारांकडे डांबरी कामावर सुपरवायझर होतो, आता घरीच असतो. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत रस्त्याची कामं केली, त्यामुळे जे डोळ्याने बघितलंय आणि हाताने केलंय तेवढंच लिहितो.

पावसाने खड्डे पडतात हे अर्धंच खरं आहे. नुसत्या पावसाने पडत असते तर गगनबावड्याला डांबर शिल्लकच राहिलं नसतं, तिथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळ तालुक्यात पाचशे-सहाशेच्या घरात. दहापट फरक आहे. तरी शिरोळ-हातकणंगले भागातले कितीतरी रस्ते घाटाकडच्या रस्त्यांच्या आधी खराब होतात, कारण वरून किती पाणी पडलं यापेक्षा ते रस्त्यात किती वेळ थांबलं हे महत्त्वाचं. वर घाटाकडे चढ-उतार आहे, तांबडी माती, जांभा, पाणी पडलं की निघून जातं. खाली सगळं सपाट, काळी जमीन आणि दोन्ही बाजूला ऊस, पाणी जाणार कुठे?

आता खड्डा कसा पडतो ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पावसावर ढकलायची सोयच राहत नाही. डांबरी थरात वजनाने साधारण ५ टक्केच डांबर असतं, बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. म्हणजे रस्ता खडीचाच, डांबराचं काम फक्त खडीला खडी धरून ठेवायचं. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ जास्त असते, त्यामुळे पाणी एकदा थराच्या आत शिरलं आणि तिथेच मुरत राहिलं की ते हळूहळू डांबर आणि दगड यांच्या मधे घुसतं आणि डांबराचा पापुद्रा दगडावरून सुटायला लागतो. आपल्याकडचा काळा पाषाण तसा चांगला, डांबर बऱ्यापैकी धरतो, पण क्रशरची धूळ बसलेली किंवा ओली खडी वापरली तर तोही धरत नाही. त्यात वरून गाड्या चालू असतात. टायर ओल्या भेगेवरून गेलं की आतलं पाणी दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते, ते जोरात बाजूला आणि वर उसळतं, टायर पुढे गेलं की परत आत ओढलं जातं. दिवसभर हेच, प्रत्येक चाकाला. दर वेळी ते पाणी खालच्या थरातली बारीक माती आणि कच थोडी थोडी बाहेर आणतं. पाऊस उघडला की भेगेच्या कडेला मातकट किंवा पांढुरकी रेघ सुकलेली दिसते बघा, ती खालची भुकटी बाहेर आलेली असते. म्हणजे वरून रस्ता अजून साबूत दिसतोय पण खाली पोकळी व्हायला लागलीय. मग एक दिवस भरलेला ट्रक जातो, वरचा तुकडा खाली बसतो आणि लोक म्हणतात काल तर रस्ता चांगला होता, रात्रीत खड्डा पडला.

रात्रीत पडलेला नसतो. त्याची सुरुवात मार्च-एप्रिलमधे झालेली असते, आणि मला मुख्य सांगायचंय ते हेच. उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशाच्या वर जातो. आपण सर्रास वापरतो ते व्हीजी-३० डांबर, त्याचा मऊ पडायचा बिंदू कमीत कमी ४७ अंश असावा असं मानक आहे, म्हणजे भर दुपारी वरचा थर मऊ पडलेला असतो आणि जड गाड्यांच्या चाकाखाली दबून चाकोऱ्या पडतात. त्या चाकोऱ्यांतच पुढे पावसाचं पाणी उभं राहतं. दुसरीकडे तेच ऊन आणि हवा डांबराला वर्षानुवर्षं वाळवत असते, त्यातला चिकटपणा कमी होत जातो, नवीन असताना काळाभोर असलेला रस्ता राखाडी पडतो, ठिसूळ होतो आणि दिवसा तापून रात्री आकसताना त्याला बारीक भेगा पडतात. आधी केसासारख्या असतात, मग जाळी होते. ही जाळी म्हणजे जुलैतल्या खड्ड्याचा पत्ता आहे. मे महिन्यात कुठलाही रस्ता चालत बघून या आणि जिथे जाळी दिसेल तिथे खडूने खूण करा, पावसात त्यातल्या बऱ्याचशा खुणांवर खड्डे असतील हे मी खात्रीने सांगतो.

थंड देशांत हे वेगळ्या पद्धतीने होतं. तिकडे भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि रस्ता आतून उचलतं, दिवसा वितळलं की खाली पोकळी राहते. अमेरिकेत कॅनडात राहणारी आपली मुलं मार्च-एप्रिलमधे खड्ड्यांची तक्रार करतात ती यामुळे. आपल्याकडे लेह-काश्मीरकडे हाच प्रकार होतो. महाराष्ट्रात बर्फाचा प्रश्नच नाही, पण मूळ दोन्हीकडे एकच, भेग होती आणि भेगेत पाणी शिरलं. भेग पावसाळ्याच्या आधी बुजवली असती तर पुढचं बरंचसं झालंच नसतं.

भेग बुजवायला काय लागतं? गरम डांबर किंवा इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर), हवेच्या झोताने भेग साफ करायची, ओतायचं, वर थोडी कच मारायची. चार माणसं आणि एक छोटी गाडी. खड्डा भरण्यापेक्षा, आणि अख्खा रस्ता नव्याने करण्यापेक्षा तर कितीतरी स्वस्त काम. पण भेग बुजवल्याचा कुणी फोटो काढत नाही, नारळ फुटत नाही, बिलही छोटं निघतं, त्यामुळे हे काम इस्टिमेटात असलं तरी मागे पडतं असा माझा अनुभव आहे. मार्चअखेर निधी संपवायची घाई असते ती मोठ्या कार्पेटच्या, म्हणजे रस्त्यावर नवा डांबरी थर अंथरायच्या कामाची, आणि त्या घाईत काय होतं ते पण सांगतो. डांबर प्लांटवरून खडी-डांबराचा गरम माल साधारण १५० ते १६५ अंशाला निघतो, अंथरताना तो १४० च्या खाली गेलेला नको आणि ९० च्या खाली उतरायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. डंपर लांबून आला, ताडपत्री नाही, ट्रॅफिकमधे अडकला, रोलर एकच आणि तोही बंद पडलेला, की माल गार होतो. गार माल दबत नाही. वरून गुळगुळीत दिसतो पण आत पोकळ्या जास्त राहतात. पोकळ्या ८ टक्क्यांच्या वर गेल्या की पाणी सरळ आरपार उतरायला लागतं, म्हणजे असा रस्ता नवा असतानाच गळका असतो, त्याला भेग पडायची पण गरज नाही. पहिल्याच पावसात नवीन रस्ता उखडला अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा एक तर हे कारण असतं, नाहीतर खालचा थर धुळीचाच होता आणि त्यावर टॅक कोट, म्हणजे वरचा थर चिकटायला मारायचा डांबराचा पातळ हात, नीट मारला नव्हता. दोन्हीत पावसाचा काय दोष?

आता काळ्या जमिनीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्या अर्ध्या जिल्ह्याचा आणि पुढे सांगली, सोलापूर, मराठवाडा, विदर्भाचा प्रश्न तोच आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळून एवढी आकसते की शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. रस्त्याखालची माती पण तेच करणार ना. रस्त्याच्या मधोमध ती झाकलेली असल्यामुळे ओलावा फारसा बदलत नाही, पण कडेला दरवर्षी फुगणं आकसणं चालूच राहतं, म्हणून काळ्या जमिनीतल्या रस्त्यांच्या कडा आधी तुटतात आणि कडेच्या समांतर लांबच लांब भेगा पडतात. लॅबमधे मातीची ताकद बघायची सीबीआर म्हणून टेस्ट असते, त्यात नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग दाबून बघतात. अशा भिजवलेल्या काळ्या मातीचा आकडा पुष्कळदा २-३ च्या आसपास येतो आणि चांगल्या मुरुमाचा त्याच्या कितीतरी पट. टेस्ट भिजवूनच का करतात, तर पावसाळ्यात ती माती भिजणार हे धरूनच रस्त्याची जाडी ठरवायची असते म्हणून. म्हणजे डिझाइनच्या कागदावर पाऊस आधीच धरलेला असतो आणि मग तोच पाऊस जास्त झाला म्हणून रस्ता गेला असं सांगायचं, हे मला पटत नाही. अतिवृष्टी होते, मान्य आहे, पण दरवर्षी आणि प्रत्येक रस्त्यावर नाही.

आणि पाणी फक्त पावसाचंच असतं असं पण नाही. शिरोळ-हातकणंगलेत रस्त्याला लागून ऊस असतो, उसाला बारमाही पाणी, आणि रस्त्याकडेचा चर कितीतरी ठिकाणी नांगरून शेतात घेतलेला असतो. मी स्वतः शेतकरी कुटुंबातला आहे, दोन हात जमीन वाढली की बरं वाटतं हे मला कळतं, पण तो चर म्हणजे रस्त्याचा निचरा होता. तो गेला की पाटाचं पाणी रस्त्याच्या पोटात मुरतं, अगदी जानेवारीत पण. त्यात उसाचा सीझन सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे पावसाळा नुकताच संपलेला आणि रस्त्याखालची माती वर्षातली सगळ्यात ओली आणि कमजोर, नेमकं तेव्हाच दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर ओव्हरलोड होऊन रात्रंदिवस फिरायला लागतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० मधे रस्त्यांवर मुद्दाम ट्रक पळवून मोठा प्रयोग झाला होता, त्यातून निघालेला ठोकताळा असा की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतं. ओल्या रस्त्यावर ओव्हरलोड ट्रॉली काय करते याचा अंदाज यावरून घ्या. कारखान्यांच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतंच, ते आकडे कुणी मागितले तर कुठल्या रस्त्यावरून किती भार गेला हे सहज कळेल.

साईडपट्टीचं पण तेच. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता लागतो, आपल्यासारख्या पावसाच्या भागात साधारण अडीच टक्के, म्हणजे मीटरला अडीच सेंटीमीटर उतार. साईडपट्टी त्याहून खाली आणि जास्त उतरती पाहिजे. प्रत्यक्षात बघा, दरवर्षी मुरूम टाकून टाकून आणि गवत वाढून साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, पाणी कडेला येतं आणि तिथेच उभं राहतं, रस्ता म्हणजे परात होते. ठेकेदाराला साईडपट्टी भरायचे पैसे मिळतात, खरवडायचे क्वचित मिळतात. शहरात हेच काम गटारं करतात, गटार रस्त्यापेक्षा उंच बांधलेलं, झाकणाच्या भोकात प्लास्टिक अडकलेलं. शिवाय केबल, पाण्याची लाईन, गॅस, यांचे चर खणून वरवर बुजवलेले असतात आणि पहिल्या पावसात बरोबर त्या चराच्या रेघेवर रस्ता बसतो. ते खड्डे तर सरळ माणसानेच पाडलेले.

आपल्याला पुराचा विसर पडू नये म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला होता, दोन्ही बाजूला ट्रकांच्या रांगा लागलेल्या. अशा वेळी पाणी उतरलं की सगळ्यांची घाई एकच, रस्ता सुरू करा. पण बुडालेला रस्ता वरून धुवून स्वच्छ दिसला तरी त्याचं पोट पाण्याने भरलेलं असतं, ते निथळायला दिवस लागतात. दूध, औषधं, अँब्युलन्स, मोटारी सोडाव्यात यात वादच नाही, पण अडकलेली सगळी जड वाहनं एकाच दिवशी त्या ओल्या रस्त्यावर सोडली की जे पुराने मोडलं नव्हतं ते ट्रक मोडतात. गावाकडचे रस्ते तर हायवेइतके जाड पण नसतात. पूर ओसरल्यावर जड गाड्या टप्प्याटप्प्याने सोडायच्या असा नियम जिल्हा पातळीवर ठरवायला काय हरकत आहे?

खड्डा भरायची पद्धत पण बदलली पाहिजे. भर पावसात खड्ड्यातलं पाणी झाडूने उडवून त्यात मुरूम किंवा ओली खडी टाकायची, ती दोन दिवसात चाकाबरोबर बाहेर येते आणि टू-व्हीलरवाले त्या खडीवरून घसरतात, म्हणजे खड्डा तसाच राहिला आणि वर धोका वाढला. पेव्हर ब्लॉक टाकले तर डांबर आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून पाणी आणखी आत जातं. नीट करायचं तर खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि सरळ उभ्या कापायच्या, सुटलेलं सगळं काढायचं, कोरडं करायचं, तळाला आणि कडांना टॅक कोट, थर देऊन दाबायचं आणि शेवटी सांधा डांबराने बंद करायचा. पावसात गरम माल चालत नाही, त्यासाठी कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचा खडी-डांबराचा माल मिळतो, तो वापरावा, पण तो सुद्धा साफ केलेल्या खड्ड्यात दाबूनच बसवावं लागतं, फावड्याने फेकून नाही.

कुणी म्हणेल सगळं काँक्रीट करून टाका. जिथे वर्दळ जास्त आणि पाणी साचतंच तिथे जरूर करा, पण काँक्रीटच्या सांध्यातलं सील गेलं आणि खाली पाणी मुरलं तर तिथे पण चाकाखाली पाणी आत-बाहेर उसळून खालची माती बाहेर काढायची तीच भानगड होते, स्लॅब हलायला लागतो आणि मग दुरुस्ती डांबरापेक्षा अवघड. आणि डांबर टिकत नाही हे खरं नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात झाला, दहा वर्षांची गॅरंटी देऊन, आणि त्यानंतर कित्येक दशकं त्यावर खड्डा नाही म्हणून सगळ्या महाराष्ट्रात त्याचं नाव झालं. डांबरीच रस्ता आहे तो, आणि पाऊस पुण्यातलाच.

हे सगळं इतकं कळकळीने लिहितोय कारण खड्डा म्हणजे नुसती कंबरदुखी किंवा गाडीचा खर्च नाही. केंद्र सरकारच्याच अहवालात २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातात १,८५६ माणसं गेल्याची नोंद आहे. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे रात्री दुचाकीवरून कळत नाही, आणि जाणारा बहुतेक वेळा घरातला कमावता माणूस असतो. मुंबई हायकोर्टाने चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय आणि ऑक्टोबर २०२५ मधे खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिलाय. तो आदेश गावोगावच्या लोकांपर्यंत पोचला पाहिजे, तुमच्यासारख्या पेपरने तो सोप्या भाषेत परत परत छापला तर फार मोठं काम होईल.

अजून एक, आता मे महिन्याच्या भरवशावर पण राहता येणार नाही. आमच्या वेळी मे अखेरपर्यंत डांबर टाकायचं आणि ७ जूनच्या आत प्लांट बंद करायचा असं गणित होतं. २०२५ ला मे मधेच पाऊस सुरू झाला आणि २६ मे ला मान्सून मुंबईत दाखल, जिथे त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. ज्यांनी भेगा आणि गटारांची कामं मे च्या शेवटच्या पंधरवड्यात धरली असतील त्यांना ती करायला कोरडा दिवसच मिळाला नसणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्याआधीची रस्त्याची कामं, म्हणजे भेगा बुजवणं, साईडपट्ट्या खरवडणं, चर आणि मोऱ्या मोकळ्या करणं, ही फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलअखेर संपली पाहिजेत आणि त्यासाठी वेगळे पैसे आधीच बाजूला काढलेले असले पाहिजेत, जे दुसऱ्या कशाला वापरता येणार नाहीत.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की खड्ड्यांचे फोटो तुम्ही जुलै-ऑगस्टमधे छापता ते छापाच, पण तुमच्या फोटोग्राफरला येत्या फेब्रुवारीत पण जिल्ह्यात फिरवा. जाळी पडलेला रस्ता, बुजलेला चर, रस्त्यापेक्षा उंच झालेली साईडपट्टी, तुंबलेली मोरी, यांचे फोटो रस्त्याच्या नावानिशी आणि किलोमीटरच्या दगडाच्या आकड्यासकट छापा, आणि शेजारी तो रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ज्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते ती मुदत, कधी संपतो आणि ठेकेदार कोण ते लिहा. ही माहिती मागितली तर द्यावी लागते. वाचकांनी पण पाऊस थांबल्यावर तासाभराने आपल्या दारासमोरच्या रस्त्यावर पाणी कुठे उभं आहे याचा फोटो काढून पाठवावा, त्याला काही शिक्षण लागत नाही. माझ्या भागातले असे रस्ते दाखवायला मी तुमच्या माणसाबरोबर यायला तयार आहे, फक्त एक दिवस आधी कळवा.

आपला,
एक निवृत्त साईट सुपरवायझर
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर